रविवारचे शब्द

बिश्केक, ३ सप्टेंबर २००३

लाडक्या आकमारल,

मिनीबसवाल्या मुकाशबरोबर एक खोकं पाठवते आहे. त्यात प्राण्यापक्ष्यांच्या चित्रांचे चाळीस पत्ते, दोन भिंगं, एक दुर्बीण (तिच्या डाव्या डोळ्यानंच दिसतं, उजवा मिटून घ्यायचा) आणि एक मोठी किटली आहे. किटली ऑफिसच्या यादीत नाही, माझी आहे. थंडीत मुलांना चहा दिला नाहीस तर निसर्ग वगैरे कुणी बघणार नाही.

आता नीट वाच. याला आमच्या ऑफिसनं 'शरद-शाळा' नाव दिलंय. सात सप्टेंबरपासून आठ रविवार, गावातली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं यांना घेऊन उघड्यावर जायचं. नदी, कुरण, आर्चाच्या झाडांचं रान, जे असेल ते बघायचं. शेवटच्या रविवारी, सव्वीस ऑक्टोबरला, जिल्ह्याहून तपासायला माणसं येतील. त्यांना पसंत पडलं तर उच-आर्चाला कायमचं निसर्गमंडळ मिळेल आणि तू तिथली शिक्षिका. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन सात वर्षं सासरी कणीक मळते आहेस, मला ते बघवत नाही. म्हणून हे सगळं मी तुझ्यासाठी ओढून आणलंय. बाकी कुणाला सांगू नकोस.

दोनच नियम. भाषण द्यायचं नाही. आणि दर आठवड्याला मला कळवायचं, मुलांनी काय पाहिलं आणि त्याला काय म्हटलं, त्यांच्याच शब्दांत. फोन करू नकोस, तुमच्या पोस्टातली बाई सगळं ऐकून अर्ध्या खोऱ्याला वाटते.

तुझ्या लग्नाच्या वेळी माझं तुझ्या आईशी भांडण चालू होतं, म्हणून सासरचं कुणी मला माहीत नाही. पण सासूनं आडकाठी केली तर लिही. मी येऊन बोलेन.

तुझी मावशी,
साबिरा

---

उच-आर्चा, ९ सप्टेंबर २००३

आदरणीय साबिरा ताएजे,

तुम्ही बऱ्या आहात ना? गुडघा कसा आहे? इथं सगळे खुशाल. माझ्या मीरीमचा पुढचा दात पडला, मीरीमचे वडील अजून वरच्या कुरणावर कळपाबरोबर आहेत.

खोकं मिळालं. पत्ते अडतीसच निघाले. मुकाश म्हणतो दोन वाऱ्यानं उडाले. त्याच्या मिनीबसच्या काचेवर आता हिमबिबट्याचं झकास चित्र आहे, त्याबद्दल तो काही बोलत नाही.

पहिला रविवार झाला. अकरा मुलं आली आणि त्यांच्याबरोबर एकोणतीस मोठी माणसं. 'घरची माणसं' हे तुमचं लोकांनी फारच मनावर घेतलं. नदी वीस मिनिटांवर आहे, आम्हाला दीड तास लागला, कारण वाटेत दोनदा जेवण झालं. पत्ते मांडायला मी चादर अंथरली आणि दुर्बीण काढायला वळले, तेवढ्यात चादरीवर तळलेल्या बोरसोकांचा ढीग, लोणी, जाम आणि मटणाचं पातेलं. पत्ते पातेल्याखाली. जेवल्यावर पुरुष तिथंच आडवे झाले. निसर्गाच्या सर्वांत जवळ तेच गेले म्हणायचे, उठले तेव्हा गालांवर गवताचे वळ होते.

तुम्ही सासूबाईंचं विचारलंत. एने स्वतःच आल्या होत्या, गाढवावर बसून. आठ रविवारांची परवानगी त्यांचीच आहे, पण अट घालून: घराण्याची लाज जाईल असा एक शब्दही माझ्या तोंडून निघता कामा नये. निघाला की शाळा बंद आणि मी परत चुलीपुढे. त्या राखण करायला येतात. मी बोलताना जरा अडखळले की खाली वाकून काहीतरी उचलतात आणि खिशात टाकतात. माझ्या चुका मोजताहेत. परवा संध्याकाळपर्यंत खिसा चांगलाच लोंबत होता.

मुलांनी पाहिलं ते असं. नदीकाठी लाल कडक फार आहेत. एका मोठ्या कडकाखाली सरडा होता, थंडीनं सुस्त. वरचा येऊन दोन घिरट्या घालून गेला, आयझादा म्हणाली तो तिच्या काकूची कोंबडी हेरतोय. पिवळा महिना लागल्यामुळे मारमोट लठ्ठ झालेत आणि बिळाच्या तोंडाशी गवत गोळा करताहेत.

ताएजे, मला फार आनंद झाला. सात वर्षांत मी पहिल्यांदा दिवसभर बाहेर होते आणि कुणी मला पाणी आणायला पाठवलं नाही.

तुमची,
आकमारल

---

बिश्केक, १६ सप्टेंबर २००३

आकमारल,

हिमबिबट्या आणि दुसरा कुठला पत्ता हे मुकाशला विचार आणि त्याला सांग की साबिराबाईंनी त्याच्या भावाला आठवीत दोनदा नापास केलंय, तिसऱ्यांदाही करता येईल.

पण हे कडक म्हणजे काय? आणि वरचा कोण, देव? मी पत्र दोनदा वाचलं तेव्हा उजेड पडला की दगडाला कडक म्हणताय आणि गरुडाला वरचा. पिवळा महिना म्हणजे बहुतेक शरद. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. गरुडाला आपण बुर्कुत म्हणतो, दगडाला ताश म्हणतो, दुसरा शब्द मी ऐकलेला नाही. साधं ताश म्हणायला तुमच्या मुलांची जीभ झडते का?

चूक माझी, मी ते पत्र आमच्या साहेबाला दाखवलं. एर्नीस नाव, वय सव्वीस, चौथ्या मजल्याच्या वर कधी चढलेला नाही. तो खुर्चीतून उठलाच. म्हणतो, ही खोऱ्याची जुनी बोली असणार, म्हाताऱ्या मेंढपाळांनी जपलेली, जगाला माहीत नसलेली. त्याला त्याची पुस्तिका काढायची आहे. मी म्हटलं, आधी विचारू दे. तर विचार गावातल्या म्हाताऱ्यांना, हे शब्द कुठून आले आणि किती जुने आहेत.

सासूला खिशातलं मोजू दे. माझ्या दोन्ही सासवा माझ्या चुका मोजायच्या. एकीचे आकडे संपले.

साबिरा

---

उच-आर्चा, २३ सप्टेंबर २००३

आदरणीय ताएजे,

म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, फार जुनं आहे, त्यांच्या आज्यांच्या आज्यासुद्धा असंच बोलायच्या. याहून जास्त ते काही सांगत नाहीत, आणि मीही खोदून विचारलं नाही.

शाळा मात्र जोरात आहे. मुलांनी आता एक खेळच काढलाय. रविवारी नेहमीचा शब्द तोंडातून गेला की परतीच्या वाटेवर तुमची किटली त्यानं वाहायची. ती रिकामीसुद्धा तीन किलोची आहे. त्यामुळे सगळे कडक आणि वरचा हेच म्हणतात, आणि इतर दिवशी घरीसुद्धा तेच तोंडात बसलंय. गेल्या रविवारी आयझादाचे आजोबा चुकून बोलून गेले, तर त्यांनाच किटली दिली. जिल्हा समितीत होते हो ते पूर्वी! मुकाट्यानं वाहिली.

बटाटे काढायचे दिवस असूनही माणसं कमी झाली नाहीत. उलट पलीकडच्या गावातून दोन कुटुंबं येतात. मुलांना मी सांगितलं, प्रत्येकानं नदीतला एकेक कडक निवडायचा आणि तो कुठून आला असेल ते शोधायचं. मग सगळे वर वर चालत गेलो, पाण्याच्या उलट. मोठी माणसंही. एकानं म्हटलं, मी या नदीवर पन्नास वर्षं घोड्यांना पाणी पाजतोय, ती कुठून येते हे पहिल्यांदा बघतोय.

एने दर रविवारी गाढव पुढे काढतात. सासरेही आले एकदा. ते कधी बोलत नाहीत, दिवसाला सहा शब्द, त्यातले चार घोड्याला. काठीवर हनुवटी टेकून बसले होते. एनेंचे खिसे आता दोन्ही बाजूंना लोंबतात. मला रात्री स्वप्नं पडतात.

ताएजे, पुस्तिका काढूच नका ना. मुलांचे शब्द आहेत, त्यांचं काय एवढं.

तुमची,
आकमारल

---

बिश्केक, ३ ऑक्टोबर २००३

आकमारल,

उशीर झाला. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी पुस्तिका छापून आली. सोबत एक पाठवते. 'उच-आर्चा खोऱ्याची विसरलेली निसर्गबोली', दोनशे प्रती. मुखपृष्ठावर दगड आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'कडक'. एर्नीसनं प्रस्तावनेत लिहिलंय की हे शब्द अकराव्या शतकापासून चालत आलेत. मी विचारलं, अकराव्याच का? तर म्हणाला, दहावं फार जुनं वाटतं.

एक प्रत त्यानं कासीमालिएव यांना पाठवली. तुमच्याकडे तपासायला येणाऱ्यांचे तेच प्रमुख. चाळीस वर्षं भूगर्भखात्यात होते, दगड चाटून कुठला ते सांगतात. त्यांनी फोन करून एर्नीसला विचारलं, 'बाळा, मी त्या खोऱ्यात सहा उन्हाळे तंबू ठोकून राहिलो. हा कडक मला कुणी कसा नाही दाखवला?' एर्नीस तेव्हापासून दुपारी जेवत नाहीये.

तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस. मी सातवीच्या मुलांच्या कॉप्या तीस वर्षं पकडल्यात. सरळ लिही.

साबिरा

---

उच-आर्चा, ८ ऑक्टोबर २००३

ताएजे,

लिहिते. हसू नका. नाही, हसा, पण पत्र फाडू नका.

लग्न होऊन या घरी आले त्या दिवशी एनेंनी मला बसवून सांगितलं की या घरात वडीलधाऱ्यांची नावं सून तोंडातून काढत नाही. तुम्हाला ही चाल माहीत आहे, माझ्या आजीनंही पाळली. नुसतं नाव नाही, नावातला शब्दसुद्धा नाही, तो दुसऱ्या कशासाठी वापरायचा असला तरी. आता माझ्या सासऱ्यांचं नाव ऐका. नदीत पाय घातला की तळपायाला जे टोचतं, ते, आणि पुढे 'बाय'. थोरल्या दिरांचं नाव म्हणजे जो वरून कोंबड्या हेरतो तो, आणि पुढे 'बाय'. चुलतसासरे या चालू ऋतूत जन्मले, म्हणून त्यांचं नाव तेच. म्हणजे तुमच्या शाळेचं नावसुद्धा मला घेता येत नाही. मी 'आपली शाळा' म्हणते.

घरात काही अडत नाही. घरात कुणाला लागतात ते शब्द? पण बाहेर नेऊन मुलांना शिकवायचं म्हटलं आणि बघते तर काय, या खोऱ्यात सासऱ्यांशिवाय दुसरं काही नाहीच. दर पावलाला सासरे. नदीत सासरे, रस्त्यात सासरे, भिंतीत सासरे. मान वर केली तर दीर.

म्हणून मी कडक म्हणायला लागले. मुलांना मी काही सांगितलं नाही, त्यांना वाटलं खेळ आहे, त्यांनीच किटलीचा नियम केला. मी गप्प बसले, माझी सोय झाली ना.

तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. तुम्ही मला शिकवलंत, तुमच्या खोलीत दोन वर्षं ठेवून घेतलंत, आणि मी सासऱ्यांना घाबरून वस्तूंची नावं गिळते. पण खरं सांगू? सासऱ्यांना नाही घाबरत. एनेंना घाबरते. त्यांनी चव्वेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. त्यांच्यासमोर मी सात वर्षांत कसं घेऊ?

आता ते दोनशे कागद परत गोळा करता येतील का?

आकमारल

---

बिश्केक, १४ ऑक्टोबर २००३

आकमारल,

ताशबाय! म्हणजे तुझा सासरा दगडोबा! आणि दीर गरुडोबा! मी ऑफिसात इतकी हसले की एर्नीसला वाटलं मला झटका आला. मग त्याला कारण सांगितलं तर झटका त्याला आला. अकराव्या शतकातला शब्द तुझ्या सासूच्या अंगणात गेल्या महिन्यात जन्मला. दोनशेतल्या एकशे चाळीस प्रती वाटून झाल्यात. तीन शाळांत आता मुलं दगडाला कडक म्हणायला शिकताहेत.

हसून झालं. आता माझं ऐक. कासीमालिएव ठरवूनच येताहेत. मला फोनवर म्हणाले, 'जी शिक्षिका मुलांना दगडाला दगड म्हणायला शिकवू शकत नाही, तिच्या हाती मी मंडळ देणार नाही.' माणूस दुष्ट नाही, पण हट्टी आहे, आणि त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं हे तुझ्यापासून लपवत नाही. सव्वीसला त्यांनी विचारलं की एकच शब्द म्हण. ताश. एवढंसं आहे, शिंकल्यासारखं. मी दोन्ही नवऱ्यांना भर रस्त्यात नावानं हाका मारल्या. तुझी आई म्हणते, म्हणूनच दोघं गेले. जाऊ देत, हवा खेळती राहिली.

एका म्हातारीला वाईट वाटेल म्हणून तू परत चुलीपुढे बसणार असशील तर मला किटली परत पाठव.

साबिरा

---

उच-आर्चा, २० ऑक्टोबर २००३

ताएजे,

तुम्ही चौथ्या मजल्यावर बसता. तिथून म्हणणं सोपं आहे. किटली मी परत पाठवणार नाही.

रोज पाणी आणायला गेले की नदीवर एकटी उभी राहून सराव करते. नदीचा आवाज मोठा आहे, कुणाला ऐकू जायचं नाही. पहिलं अक्षर येतं. मग तोंड मिटतं. काल गाईसमोर करून बघितलं, तीही माझ्याकडे वाईट नजरेनं बघायला लागली. तरी ठरवलंय, सव्वीसला म्हणायचं. मग घरात काय व्हायचं ते होवो. मला हे काम हवंय, ताएजे. इतकं काही मी आजवर मागितलेलं नाही.

पण काल एक झालं ते सांगते. बर्फ भुरभुरलं म्हणून आम्ही लवकर परतलो. एनेंचा कोट जड झाला होता, मी वाळत घालायला घेतला तर फाटक्या खिशातून सगळं खळकन खाली. कडक. सत्तर-ऐंशी तरी. लाल, हिरवे, पांढऱ्या रेघेचे. मी तिथंच म्हटलं, 'एने, माझ्या इतक्या चुका झाल्या?'

त्या म्हणाल्या, 'कसल्या चुका? शेंबडी कुठली. मला आवडले म्हणून उचलले.'

मग खिडकीच्या फळीवर त्यांनी ते रंगाप्रमाणे मांडले. कुठला कुठे सापडला हे त्यांना एकेक आठवत होतं. हा हिरवा वरच्या ओढ्यातला, हा तुझ्या दुसऱ्या रविवारचा. मला म्हणाल्या, 'मी या नदीवर चव्वेचाळीस वर्षं धुणी धुतली. हे कुठून वाहत आलं असं मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.' मग म्हणाल्या, 'सव्वीसनंतर रविवारी काय करायचं?'

मला वाटायचं त्या माझ्यावर लक्ष ठेवायला येतात. सहा आठवडे मी त्यांच्याकडे चोरासारखी बघत होते. मला स्वतःची लाज वाटली.

आता मला ते म्हणणं आणखी अवघड झालंय.

आकमारल

---

उच-आर्चा, २८ ऑक्टोबर २००३

साबिरा ताएजे,

मुकाश निघायला थांबलाय, हॉर्न वाजवतोय, पण मी सगळं लिहिल्याशिवाय पत्र देणार नाही.

साठ माणसं होती. बर्फ नव्हतं, ऊन स्वच्छ होतं. नदीकाठी नमदे अंथरले, तीन चुली पेटवल्या. कासीमालिएवसाहेब आले तेच कपाळाला आठ्या घालून. कोटाच्या खिशातून पुस्तिका डोकावत होती. बरोबरच्या दोघांना बायकांनी लगेच मटणाकडे ओढलं, ते शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. साहेब मात्र जेवले नाहीत. थेट मुलांपुढे उभे राहिले आणि दुसऱ्या खिशातून एक कडक काढला.

'हे काय?'

अकरा मुलं एका सुरात, 'कडक!'

'ते मी वाचलंय. घरी आईबापांसमोर काय म्हणता याला?'

अकराही मुलांनी किटलीकडे पाहिलं. ती काठोकाठ भरलेली होती.

'बरं. तांबडा का आहे?'

'लोखंड आहे त्यात. गंजलंय.'

'गुळगुळीत का?'

'पाण्यानं लोळवलाय. लांबून.'

आयझादानं हातात घेऊन उलटासुलटा केला, जिभेनं चाटलासुद्धा, आणि म्हणाली, 'आजोबा, हा आमच्या नदीतला नाहीच. तुम्ही दुसरीकडून आणलाय. आम्हाला फसवताय.'

साहेबांच्या आठ्या जरा हलल्या. तो त्यांच्या टेबलाच्या खणातला होता, नंतर कबूल केलं. पण हट्टी ते हट्टीच. मला म्हणाले, 'सगळं येतं आणि नाव येत नाही. अशी शाळा मी पाहिली नाही. बाई, तुम्हीच सांगा मुलांना. एक शब्द. मी लगेच सही करतो.'

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. पहिल्या नमद्यावर सासरे चहाचं वाडगं घेऊन बसलेले, शेजारी थोरले दीर. ताएजे, मी म्हणणार होते, शपथ घेऊन सांगते. तोंड उघडलं. आलं काय, तर नुसती हवा. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा. सात वर्षं गिळलेला शब्द हाक मारली म्हणून येत नाही. साहेबांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मला रडू फुटलं, साठ माणसांसमोर, नाक पुसायला रुमालही नव्हता.

तेवढ्यात एने गाढवावरून उतरल्या. कुणाची मदत न घेता. साहेबांपुढे गेल्या, त्यांच्या हातातून तो कडक काढून घेतला, आणि तो शब्द म्हणाल्या. मी अजून लिहू शकत नाही, म्हणून इथं रेघ मारते, तुम्ही भरून घ्या.

'—— आहे हा! साधा ——! ——बायमधला ——! लिही आता!'

असा मोठ्यानं की पलीकडच्या काठाला ऐकू गेला असेल.

आणि नमद्यावरून सासरे उठून उभे राहिले. वाडग्यातला चहा त्यांच्याच बुटावर सांडला. चव्वेचाळीस वर्षांत बायकोच्या तोंडून नाव कधी ऐकलेलं नाही, आता ऐकलं, तर हाक मारली असंच वाटलं बिचाऱ्यांना. म्हणाले, 'काय गं? इथंच आहे मी.'

साहेबांनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा एनेंच्या हातातल्या कडकाकडे. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, 'माझ्या आईनं मीठ हा शब्द कधी उच्चारला नाही. आम्ही सगळे अळणी खायचो.' आणि मुलं किंचाळायला लागली, 'किटली! किटली एनेंकडे!' कारण नियम म्हणजे नियम.

निर्णय असा. निसर्गमंडळ मंजूर. साहेबांनी कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलंय की शिक्षणाचं काम आकमारल करेल, आणि मुलांपुढे वस्तूंची खरी नावं घेण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्यात येत आहे, बुरुल, वय चौसष्ट. बुरुल म्हणजे आमच्या एने. मी दाखवायचं, त्यांनी म्हणायचं. जेवणाला मग साहेब असे बसले की उठेचनात. एर्नीससाहेबांना निरोप आहे की पुस्तिका फार आवडली, भेटायला येतोय, घरीच राहा.

घरी येताना एनेंनी किटली एका हातात धरली होती, दुसऱ्या हातानं लगाम. मी घ्यायला गेले तर हात झटकला. मला भीती वाटत होती की आता त्यांना पस्तावा होतोय, माझ्यापायी त्यांनी आयुष्यभर पाळलेलं मोडलं.

सासरे घोडा सोडून पायी चालत मागे येत होते. चालता चालता त्यांनी एनेंना गाठलं. मी दोन पावलांवर होते, मुद्दाम ऐकलं नाही, ऐकू आलं.

ते म्हणाले, 'एकदा परत म्हण.'

एनेंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाल्या, 'रविवारी शाळेला ये. तिथं म्हणते.'

तुमची,
आकमारल